डोळ्यांपाशी थांबणारा प्रिंटर

या पानावरचे अनुभव मी नियमित वाचते, पण वाचताना मनातल्या मनात खुसपटं काढत असते. कुणाला वळणावर बाई दिसली की मला प्रश्न पडतो, गाडीचा लाइट कुठून पडत होता? कुणाला हाक ऐकू आली की वाटतं, शेजारच्यांचा टीव्ही असेल. भुताखेतांवर, संकेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. त्यामुळे मीच इथे लिहायला बसावं याचं मला जरा अवघडल्यासारखं होतंय... माझं नाव छापू नये अशी विनंती केली आहे. खालची नावंही बदललेली आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं.

आम्ही सुरतला राहतो, नवागाममध्ये. घर दोन मजली, आम्ही वर आणि खाली भाडेकरू. पप्पा रिंग रोडच्या एका कापड मार्केटमध्ये ऑफिसात आहेत. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. गल्लीत बहुतेक घरं खानदेशातलीच, त्यामुळे खिडकीतून दिवसभर अहिराणी ऐकू येते आणि तिच्या मागे लूम्सची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड. मी मात्र इंग्लिश मीडियमला गेले. अहिराणी मला सगळी कळते, पण बोलायला गेलं की जीभ अडते. मग मी शुद्ध मराठीत उत्तर देते आणि गल्लीतल्या मुली हसतात. म्हणून मी कमीच बोलते.

कॉम्प्युटरचा कोर्स झाल्यावर मी घरूनच छोटी कामं घ्यायला लागले. लग्नाचे बायोडाटा, दुकानांचे बोर्ड, बारशाची कार्डं. पप्पांच्या शेठने ऑफिसातला जुना कलर इंकजेट प्रिंटर आम्हाला दिला. देताना म्हणाले, "थोडुं नाटक करे छे, पण चाले छे." नाटक म्हणजे काय ते पहिल्याच आठवड्यात कळलं. पान छापता छापता हेड मध्येच थांबायचं, नारंगी दिवा लुकलुकायचा आणि स्क्रीनवर मेसेज यायचा — प्रिंट हेड एरर.

ज्यांच्याकडे असा प्रिंटर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हेड म्हणजे पानावर इकडून तिकडे धावणारा भाग. त्याला दिसणारही नाहीत इतकी बारीक भोकं असतात, त्यातून शाई उडते. सुरतच्या उकाड्यात शाई त्या भोकांत वाळते. मग हेड काढायचं, बॅटरीवाल्याकडून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कापूस भिजवून हळूच टेकवायचं, सोनेरी पट्ट्या पुसायच्या, हेड परत बसवायचं आणि टेस्ट पान काढायचं. त्या पानावर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या बारीक रेषा येतात. एकही पायरी तुटलेली नसेल तर हेड ठीक. हे सगळं मी स्वतःच शिकले. कुणाशी बोलावं लागत नाही असं काम मला आवडतं.

आमच्या खाली विमलमावशी राहते. ती साड्यांचे सुटे धागे कापायचं काम घरी आणते. मांडीवर साडी आणि हातात छोटी कात्री, मी तिला तशीच पाहत आले आहे. तिची मुलगी ज्योती माझ्याच वयाची. मावशीचा नवरा, भटूकाका, लूमवर कारागीर होता. ज्योती लहान असताना एका सकाळी तो ड्युटीला म्हणून गेला आणि परत आला नाही. भांडण झालेलं नव्हतं. कारखान्यात पोचलाच नव्हता. कडोदऱ्यापासून पार वापीपर्यंत लोकांनी शोधलं. मावशी कुंकू लावत राहिली, मंगळसूत्र घालत राहिली, आणि हळूहळू लोकांनी तिच्यासमोर तो विषय काढणं सोडून दिलं.

मग ज्योतीचं लग्न ठरलं. मुलगा चलथाणचा, साखर कारखान्यात. चांगली माणसं. पण त्यांनी एक गोष्ट विचारली, आणि तशी ती विचारण्यासारखीच होती. मुलीचे वडील आहेत की नाहीत? म्हणजे आईने हळदीला, पूजेला सवाष्ण म्हणून बसायचं की नाही? ते तुमचं तुम्ही ठरवा, पण लग्नाआधी ठरवा.

मावशीचे जेठ, म्हणजे थोरले दीर, सुपडूअप्पा गावी असतात. त्यांनी निरोप धाडला. बारा वर्षं वाट पाहून झाली. आता या आखाजीला भटूची घागर भरायची.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात, वर खरबूज ठेवतात, सांजोऱ्या आणि आमरसाचा नैवेद्य दाखवतात. उन्हाळ्यात पितरांना पाणी मिळावं म्हणून. ज्याच्या नावाची घागर एकदा भरली, तो गेला. मग त्याच्यापुढे बोलणंच नाही. मावशीचं कुंकू त्या घागरीवर अवलंबून होतं.

घागरीजवळ ठेवायला अप्पांना फोटो हवा होता. मावशीकडे एकच होता — लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, दोघांचा. भटूकाका खुर्चीत, घड्याळ दिसेल असा हात गुडघ्यावर ठेवलेला. शेजारी मावशी उभी. ती तो पदरात गुंडाळून वर घेऊन आली.

"पोरी, यातून त्यांना एकट्याला काढता येईल का? मोठं करून?"

तिच्या मागे ज्योती होती. "ओ इंग्लिशबाई, मशीनमध्ये त्यांना जरा हसवता येतं का बघ. फोटोत तरी घरी आल्याचा आनंद दिसू दे."

मावशीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी फोटो घेतला.

स्कॅनर आमच्याकडे नव्हता. क्लासच्या सरांकडे फोटो स्कॅन करून फ्लॉपीवर आणला. घरी आल्यावर काकांना वेगळं कापलं, डाग काढले आणि दुपारी प्रिंटला लावलं. मावशी शेजारच्या स्टुलावर बसली होती. हेड इकडून तिकडे जायला लागलं. आधी मागचा पडदा आला, मग केस, भांग, कपाळ... आणि हेड थांबलं. नारंगी दिवा.

मी म्हटलं, "शाई वाळली असेल मावशी. उद्या देते."

दुसऱ्या दिवशी हेड साफ केलं. टेस्ट पान काढलं, सगळ्या पायऱ्या अखंड. खात्री म्हणून एका पोराच्या वाढदिवसाचं फुग्यांचं रंगीत कार्ड छापलं, ते व्यवस्थित निघालं. मग काकांचा फोटो लावला. केस, भांग, कपाळ. नारंगी दिवा.

आता मला चीड यायला लागली. मी नीट एकेक शक्यता धरून बसले. फाइल खराब असेल, म्हणून परत स्कॅन करून दुसऱ्या फ्लॉपीवर आणली. फाइल मोठी असेल, म्हणून तिच्याहून मोठा देवीचा फोटो छापला, तो निघाला. गडद रंगाने हेडवर ताण येत असेल, म्हणून अख्खं पान काळं केलं, तेही निघालं. पानाच्या त्याच जागी काही अडत असेल, म्हणून फोटो खाली सरकवला. हेड पानावर खाली गेलं, पण थांबलं कपाळापाशीच. आमच्याकडे लूम्स एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं. म्हणून कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवसापर्यंत थांबले. त्या दिवशी गल्लीत इतकी शांतता असते की हेडची सरसर जिन्यापर्यंत ऐकू येते. ती ऐकू आली आणि कपाळाखाली थांबली.

शेवटी मी फोटो उलटा केला, पायांकडून. बूट आले. पँट, गुडघा, गुडघ्यावरचा हात, हातातलं घड्याळ. कॉलर, हनुवटी, मिशा, नाक. नाकाच्या वर हेड थांबलं.

ते पान मी आधीच्या पानाला जुळवून पाहिलं. अख्खा माणूस तयार झाला. फक्त मधली एक पट्टी कोरी होती, जिथे डोळे असतात तिथली.

तेव्हाही मी घाबरले नाही, हे सांगायला हवं. मला वाटलं, त्या भागातल्या रंगांमध्ये असं काहीतरी असणार जे या प्रिंटरला झेपत नाही. म्हणून त्याच स्कॅनमधला मावशीच्या बाजूचा भाग छापला. तोच पडदा, तोच प्रकाश, तेच पिवळट पडलेले रंग. ती डोक्यापासून पायांपर्यंत पूर्ण निघाली. एकदाही न अडता.

मावशी त्या दिवशी माझ्या मागे येऊन कधी उभी राहिली ते मला कळलंच नाही. तिने दोन्ही पानं हातात घेतली. आपलं पान बाजूला ठेवलं आणि त्यांचं पाहत राहिली.

"मन्हा निंघना," ती म्हणाली. "त्यान्हाच का बरं नही निंघत?"

मी तिला शाई, व्होल्टेज, फाइल असं काहीबाही सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं. धागे कापणाऱ्या माणसाला बारीक पाहायची सवय असते. तिने बोटाने कोऱ्या जागेच्या कडेवरून रेघ ओढली. कड अगदी सरळ होती.

"मशीन बिघडनं का?" तिने विचारलं. "खरं सांग."

खरं म्हणजे मला ते माहीत नव्हतं. मावशीने पानं घडी न घालता तशीच ठेवली आणि खाली गेली.

आखाजीच्या आदल्या दिवशी अप्पा गावाहून आले. उंच, वाळलेले, पांढरी टोपी. गल्लीत पोरींनी झोके बांधले होते आणि ज्योती लग्नाआधीची शेवटची आखाजी म्हणून झोका कुणालाच सोडत नव्हती. अप्पा सरळ वर आले, मागे मावशी, तिच्या मागे माझी आई.

"काय व पोरी, फोटो झाला का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"अहो अप्पा, तिचं मशीन जुनं आहे," आई मध्येच म्हणाली. "शेठने टाकून दिलेलं. बिघडलंय ते." आईला हे मिटवायचं होतं. तिचं बरोबरही होतं. मी नुसतं हो म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. बिघडलेल्या मशीनचा कुणी काही अर्थ लावत नाही.

मावशी दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि काही मागत नव्हती.

मला मोठ्या माणसांसमोर बोलता येत नाही. त्या दिवशी तोंडातून बाहेर पडलं ते मराठीत नव्हतंच.

"अप्पा, मशीन बिघडेल नही शे. मशीन चांगलं शे."

आईने माझ्याकडे अशी मान वळवली, जणू दुसरंच कुणी बोललं. अप्पांनी विचारलं, मग? मी त्यांना टेस्ट पान दाखवलं, देवीचा फोटो दाखवला, मावशीचं पान दाखवलं. मग काकांची दोन पानं दाखवली. अप्पांनी ती लांब धरून पाहिली.

"काढ," ते म्हणाले. "मन्हा डोयासमोर काढ."

मी काढलं. केस, भांग, कपाळ... नारंगी दिवा.

अप्पांनी तेही पान लांब धरून पाहिलं. मग एकदम उठले. "तुन्ही मशीनले काय कळस? मन्हा भाऊ शे तो." मूळ फोटो खिशात घालून ते उधन्याच्या एका स्टुडिओत गेले. तिथे मोठी कॉपी लगेच निघाली. डोळ्यांसकट, छान, फ्रेममध्ये. हे मी लपवत नाही. स्टुडिओत त्या फोटोला काहीही झालं नाही.

आखाजीला सकाळी आम्ही सगळे खाली होतो. ज्योतीची होणारी सासूही चलथाणहून आली होती. भिंतीशी घागरी मांडल्या होत्या. मावशीच्या सासू-सासऱ्यांच्या भरलेल्या होत्या, वर खरबुजं. शेवटची नवी कोरी घागर रिकामी होती, आणि तिच्यामागे ती फ्रेम. हार अजून ताटातच होता. अप्पांनी पाण्याची कळशी उचलली.

मावशी म्हणाली, "अप्पा, जित्ता मानूसले असं पानी पाजतस का कोनी?"

आवाज वाढला नव्हता. पण स्वयंपाकघरातलं बोलणंसुद्धा थांबलं.

"कोनी सांगं तुले तो जित्ता शे? मशीननी?"

"कोनीच नही सांगं," मावशी म्हणाली. "तो मेला, हाईबी कोनीच नही सांगं. चुकून जित्त्या माणसाची घागर भरली तर ते पाणी कुणाकडे जाईल, तुम्हीच सांगा."

अप्पा कळशी धरून तसेच उभे राहिले. मी लांबून त्यांचा चेहरा पाहत होते. मला इतका वेळ वाटत होतं की हा माणूस हट्टी आहे. पण कळशीतलं पाणी कडेवरून सांडत होतं, आणि ज्याने आपल्या धाकट्या भावाला स्वतःच्या हाताने मेलेला ठरवायचं, त्याला ते थांबवणारं कुणीतरी हवं होतं... असं मला वाटलं. चूकही असेल.

त्यांनी ज्योतीच्या सासूकडे पाहिलं. "विहीणबाई, तुमचं काय म्हणणं?"

ती बाई जाड, मोकळ्या आवाजाची. म्हणाली, "आम्ही विचारलं ते पक्कं कळावं म्हणून. पक्कं कुणालाच माहीत नसेल तर काय करणार? तिचं कुंकू मी कशाला पुसू? हळदीला तीच बसू दे. आणि आता जेवायला वाढा, रस पातळ होईल."

ज्योती आधी हसली आणि मग रडायला लागली. अप्पांनी कळशी खाली ठेवली. घागर रिकामीच राहिली. फ्रेम मावशीने आतल्या खोलीत नेली, हार न घालता.

लग्नात मावशी हिरव्या साडीत, ठसठशीत कुंकू लावून हळदीला बसली.

गोष्ट इथे संपली असती तर मी कदाचित लिहिलं नसतं. पण पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी मावशी वर आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काढ व माय." मला लगेच कळलं. फाइल मी ठेवली होतीच. हेड नीट साफ केलं, आधी टेस्ट पान काढून तिला दाखवलं, कारण ती ते तपासते. एकेक पायरी बोटाने मोजल्यासारखी बघते. मग काकांचा फोटो लावला. केस, भांग, कपाळ. नारंगी दिवा. मावशी "बरं" म्हणाली आणि खाली गेली. त्या वर्षीही घागर रिकामी राहिली. अप्पांनी गावाहून फक्त विचारून घेतलं, निघाला का? नाही म्हटल्यावर तेही "बरं" म्हणाले.

क्लासचे सर मला म्हणतात, दुसऱ्या कुणाच्या इंकजेटवर ती फाइल टाकून बघ ना, लगेच उलगडा होईल. ते बरोबर सांगतात. सहज करता येण्यासारखा प्रयोग आहे. मी तो केलेला नाही. एवढं सगळं तपासून पाहणारी मी, तेवढंच सोडून दिलं आहे.

प्रिंटर आता फार थकलाय. कागद ओढताना कण्हल्यासारखा आवाज करतो. या मॉडेलचं हेड बाजारात मिळत नाही. पेपरात येतंय की दोन हजार साल लागलं की जुनी कॉम्प्युटरं बंद पडतील. पप्पा म्हणतात, नवीन घेऊ. मी नको म्हणते. हा प्रिंटर एखाद्या दिवशी साध्या कारणाने बंद पडला तर मावशीला मी काय सांगू? त्याचं नाही म्हणणं खरं मानायचं असेल तर तो बाकी सगळ्या बाबतीत धडधाकट असायला हवा. म्हणून दर रविवारी मी कापूस आणि बॅटरीचं पाणी घेऊन बसते.

यंदाच्या आखाजीला टेस्ट पान नेहमीसारखं अखंड आलं. काकांचा फोटो लावला. केस, भांग, कपाळ... आणि हेड थांबलं नाही. आणखी एकदा गेलं. आणखी एकदा. मी पॉवरच्या बटणाकडे हात नेला होता, का ते माहीत नाही. मग नारंगी दिवा लागला.

पान बाहेर आलं. या वर्षी भुवया आल्या होत्या. पूर्ण, दोन्ही. त्याखाली कोरं.

मी ते पान मावशीला द्यावं की नाही या विचारात होते. तिने माझ्या हातातून ते काढून घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाली, अगदी हळू, जसं कुणी शेजारच्या खोलीत झोपलंय —

"थकना व्हई."

थकला असेल. मग ती खाली गेली, आणि थोड्या वेळाने सांजोऱ्या तळल्याचा वास वर आला.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कुणा वाचकाकडे असेल तर त्यांनी जरूर लिहावं. फक्त ते आधी मला कळवावं, मावशीला नाही.